चार ऑगस्टची रात्र आणि चवदार तळे

महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासात ४ ऑगस्ट ही तारीख दोन वेळा येते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, अर्थात कागदावर. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. तीन वर्षे तळ्यावर कोणीच आले नाही, म्हणून कोणाचा धर्मही बुडाला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द करून टाकला. दिलेला हक्क वापरला जात नाही तोवरच तो देणाऱ्याला परवडतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

याच तारखेची आणखी एक नोंद व्हर्साय येथील आहे. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत सरदार-धर्माधिकाऱ्यांनी एकामागून एक उठून आपले सरंजामी हक्क सोडून दिल्याच्या घोषणा केल्या. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु महाड आणि व्हर्साय यांना जोडणारा धागा योगायोगाचा नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला भरलेल्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना डॉ. आंबेडकरांनी आपल्या परिषदेची तुलना फ्रान्सच्या याच राष्ट्रीय सभेशी केली होती.

फ्रान्सच्या इतिहासातील थोर पुरुष कोणते, असे विचारले तर आपल्याकडचा सुशिक्षित माणूस ठराविक नावे घेतो. रूसो, व्हॉल्टेअर, फार तर मिराबो वा रोबेस्पिअर, आणि या सर्वांच्या वर नेपोलियन. पाठ्यपुस्तकांनी ही यादी आणि प्रत्येकापुढचे एक वाक्य पक्के करून ठेवले आहे. रूसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’ लिहिला, व्हॉल्टेअरने धर्मांधतेवर कोरडे ओढले, नेपोलियनने युरोप जिंकला. जणू काही या मंडळींनी विचार केला म्हणून क्रांती झाली. वस्तुतः १७८९ च्या वसंतात फ्रान्सच्या गावोगावी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या, आणि त्यांत वारंवार येतात ते मीठपट्टी, धर्माचा दशांश, जमीनदाराची देणी, त्याची राखीव शिकार आणि दळणाची सक्ती. या वह्या सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रूसोचे नावही ऐकले नसेल.

अर्थशास्त्राच्या बाजूने पाहिले तर यादीबाहेर राहिलेली दोन नावे अधिक महत्त्वाची वाटतात. केने हा राजदरबारातील वैद्य. शरीरात रक्त फिरते तशी संपत्ती समाजात कशी फिरते याचा तक्ता त्याने १७५८ साली मांडला. शेतीतून निघणारे निव्वळ उत्पन्नच खरी संपत्ती, म्हणून कराचा भार शेत कसणाऱ्यावर न टाकता जमीनमालकाच्या उत्पन्नावर टाकावा, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या विचारांच्या सावलीत वाढलेला तुर्गो सोळाव्या लुईचा अर्थमंत्री झाला. रस्त्यांसाठी शेतकऱ्यांकडून घेतली जाणारी वेठ त्याने १७७६ च्या आरंभी रद्द केली. मे महिन्यात तुर्गोला घरी पाठविण्यात आले आणि त्याच वर्षी वेठही परत आली. तुर्गो सज्जन होता, बुद्धिमान होता, राजाचा त्याच्यावर काही काळ विश्वासही होता. गावातून रेटा नव्हता एवढेच.

तो रेटा १७८९ च्या जुलैत आला. बॅस्टिल पडल्याच्या बातमीपाठोपाठ खेड्यांत घबराट पसरली, शेतकऱ्यांनी गढ्यांवर चाल केली आणि पुष्कळ ठिकाणी ज्या दप्तरांत त्यांची देणी लिहिलेली होती ती जाळली. त्या धुराच्या वासाने व्हर्सायची सभा हवालदिल झाली. ४ ऑगस्टच्या रात्री प्रथम उठला तो व्हिकोंत द नोआय, धाकट्या पातीचा, स्वतःची फारशी जमीन नसलेला सरदार. पाठोपाठ ड्यूक द एग्वियों बोलला; तो मात्र राज्यातील अत्यंत धनाढ्य जमीनदारांपैकी होता. मग त्यागाची चढाओढ लागली. पहाट होईपर्यंत सरंजामशाही संपल्याची द्वाही फिरली आणि सभासदांच्या डोळ्यांत अश्रू आले. सकाळी मात्र हिशेब सुरू झाला. आठवड्याच्या आत जे हुकूम लिहिले गेले त्यांत माणसाच्या देहावरचे हक्क विनामोबदला रद्द होते, पण जमिनीवरची देणी मोबदला देऊन सोडवून घ्यायची होती. १७९० साली दर ठरला : रोख देण्याच्या वीस पट, धान्याच्या देण्याच्या पंचवीस पट. शिवाय जमीनदाराचा हक्क खराच आहे असे गृहीत धरलेले; तो खोटा आहे असे म्हणणे असेल तर पुरावा शेतकऱ्याने द्यायचा. दप्तर जमीनदाराच्या गढीत, आणि पुरावा शेतकऱ्याकडे मागायचा!

शेतकऱ्यांनी ना मोबदला दिला ना पुरावा. तीन वर्षे ते जागोजागी अडून बसले. १७९२ च्या ऑगस्टमध्ये पुराव्याचे ओझे उलटविण्यात आले. मूळ दस्तऐवज जमीनदाराने दाखवावा असे ठरले. १७ जुलै १७९३ रोजी उरलेली सारी देणी विनामोबदला रद्द झाली. या शेवटच्या कायद्याशी कोणा थोर पुरुषाचे नाव जोडलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नावे ज्यांची राहिली त्यांचे काय झाले? आबे सिएस याने १७८९ च्या जानेवारीत तिसऱ्या वर्गाची कैफियत मांडणारी पुस्तिका लिहिली आणि १७ जून रोजी त्याच्याच प्रस्तावावरून त्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला ‘राष्ट्रीय सभा’ म्हणवून घेतले. दहा वर्षांनी याच सिएसने लोकप्रतिनिधींची सभा नेपोलियनच्या संगिनींच्या स्वाधीन करण्यास हातभार लावला. नेपोलियनने १८०४ ची दिवाणी संहिता दिली हे खरे. क्रांतीने १७९४ साली वसाहतींतील रद्द केलेली गुलामगिरी त्याने १८०२ साली पुन्हा कायदेशीर केली, हे मात्र त्याच्या चरित्रकारांना तळटिपेपुरते आठवते. त्या गुलामगिरीविरुद्ध लढलेला टूसाँ लूव्हर्त्यूर १८०३ साली फ्रान्सच्याच एका थंडगार किल्ल्यात कैदी म्हणून मेला. समतेची घोषणा केवळ पुरुषांची आहे असे दाखवून देणारी ऑलिंप द गूज १७९३ साली गिलोटिनखाली गेली. ‘प्रभावशाली फ्रेंच व्यक्ती’ या मथळ्याखाली या दोघांना जागा मिळत नसेल, तर दोष मथळा देणाऱ्यांचा आहे.

रायगडच्या किनाऱ्याला फ्रेंच माणूस परका नव्हता. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलला उतरला आणि पुण्यास नाना फडणीसांच्या दरबारी गेला. तोफा, फौज आणि एखादे बंदर, अशा वाटाघाटी झाल्या. इंग्रजांना धाक घालण्यापुरता नानांनी त्याचा उपयोग केला आणि नंतर त्याची बोळवण केली. फ्रान्सकडून घेण्यासारखे त्या वेळच्या पुण्याला तोफांपलीकडे काही दिसले नाही. पुढे दीडशे वर्षांनी त्याच किनाऱ्यामागच्या सावित्रीकाठच्या गावात फ्रान्सचे नाव निघाले ते निराळ्या कामासाठी.

डिसेंबर १९२७ ची परिषद भरली तेव्हा महाडात तिला जागा देण्यास कोणी हिंदू तयार नव्हता. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्यावर जाण्यास दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम होता. अशा वेळी उत्तेजन देण्यासाठी फ्रान्सचा कोणताही वीरपुरुष उभा करता आला असता. डॉ. आंबेडकरांनी उदाहरण निवडले ते सभेचे. सोळाव्या लुईने बोलाविलेल्या त्या सभेला इतिहासकारांनी रक्तपाताबद्दल दूषणे दिली, पण तिचे कार्य त्यांना समजले नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जन्मजात विषमता मोडून राष्ट्राची नव्याने घडण करणे हे त्या सभेचे कार्य होते, आणि महाडच्या परिषदेचेही तेच आहे. तळ्याचे पाणी मिळाले म्हणजे काम झाले असे त्यांनी मानले नाही. बेटीबंदी मोडल्याशिवाय अस्पृश्यतेचे मूळ जाणार नाही, इतक्या खोलवर त्यांनी त्याच भाषणात हात घातला.

त्या भाषणातील एक मुद्दा आजही पुरेसा वाचला जात नाही. ही समाजक्रांती शांततेने होईल की नाही, हे विरोधकांच्या वर्तनावर अवलंबून आहे, असे बाबासाहेबांनी बजावले. फ्रान्सच्या सभेने हिंसा केली असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात : वरच्या वर्गांनी तिच्याशी दगलबाजी केली नसती, परकीयांच्या मदतीने तिला चिरडण्याचा उद्योग केला नसता, तर तिला हिंसेचे कारणच पडले नसते. मार खाऊन आलेल्या माणसांसमोर, न्यायालयाचा हुकूम डोक्यावर असताना हे सांगितले गेले. आणि परिषदेने केले काय? मनुस्मृती जाळली, मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, आणि हुकूम मानून सत्याग्रह पुढे ढकलला. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे हेही सवर्णांतीलच. व्हर्सायच्या सरदारांनी गढ्या पेटल्यावर त्याग केला. या तिघांच्या घराला कोणी आग लावली नव्हती. त्यागाची तुलना करायचीच असेल तर महाडचे पारडे जड भरेल.

समतेचा हिशेब जमिनीपर्यंत आला की फ्रान्सप्रमाणेच येथेही गाडी अडते. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) कूळ खोताच्या आणि सावकाराच्या दप्तरात बांधलेले होते. अलिबागच्या खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ पासून संप केला तो १९३९ पर्यंत चालला. शेते ओसाड ठेवायची आणि लाकूडफाटा विकून पोट भरायचे, असा हा जगावेगळा संप. डॉ. आंबेडकर १९३४ साली चरीच्या शेतकरी परिषदेस आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. ते संमत झाले नाही. खोती कायद्याने जाण्यास १९४९ उजाडावे लागले.

कुळकायद्याचा हिशेब तर १७९० ची आठवण करून देणारा आहे. १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ मानले, १९४८ साली नवा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक मानले गेले. किंमत मात्र द्यायचीच होती : सामान्य कुळाने शेतसाऱ्याच्या आकाराच्या २० ते २०० पट, बारा वार्षिक हप्त्यांपर्यंत. आकार हा खंडाच्या मानाने अल्प असल्याने हे ओझे फ्रेंच शेतकऱ्याच्या वीस-पंचवीस पटींपेक्षा पुष्कळ हलके होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अडचण किमतीपेक्षा पुराव्याची होती. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, ज्याला खंडाची पावती कधी मिळाली नाही, त्याने आपण कूळ आहोत हे सिद्ध कसे करावे? ज्यांची वहिवाट तोंडी होती अशी किती तरी कुळे या एका प्रश्नाने जमिनीवरून उठली. कसणाऱ्याच्या बाजूने गृहीत धरण्याचा, १७९२ साली फ्रान्सने घेतला तसा सरसकट निर्णय आपण घेतला नाही.

पुढे डॉ. आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वत्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाही. ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतलेली आहे. काहींना यात महाडच्या भाषणाशी विसंगती दिसते. ती नाही. महाडला फ्रान्सकडून तत्त्वज्ञान मागितलेले नव्हते. वहिवाट कितीही जुनी असली तरी तळागाळातून आलेल्या माणसांची सभा तिचा फेरविचार करू शकते, एवढा एक दाखला घेतला होता.

वहिवाटीचा प्रश्न शेवटी न्यायालयातच गेला. तळ्याचा दावा वरच्या न्यायालयात पोहोचून त्याचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दिला. बोले यांच्या ठरावाला तोवर चौदा वर्षे होत आली होती आणि ओंजळभर पाण्याला दहा. तळे अनादी काळापासून केवळ स्पृश्यांचेच होते, ही रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून दावा त्यांच्या विरुद्ध गेला. माणसामाणसांतील समतेच्या तत्त्वावर हा निकाल उभा नव्हता. या खेपेस पुरावा दप्तरवाल्यांकडे मागितला गेला, आणि त्यांच्या दप्तरात तो निघाला नाही.