विश्लेषण : सेट-टॉप बॉक्स माळ्यावर, मोडेम मात्र कुठेही चालतो; केबलचे नियम ठरवतं कोण?

मागच्या वर्षी पुण्यात भाड्याचं घर बदललं. नव्या इमारतीत केबलवाला दुसरा होता. जुना सेट-टॉप बॉक्स त्याने हातातही घेतला नाही. "हा आपल्याकडे चालणार नाही, नवीन घ्यावा लागेल," एवढंच म्हणाला. बॉक्स धडधाकट होता, पैसे मोजून घेतलेला होता. आता तो माळ्यावर पडून आहे. तुमच्याही घरात असा एखादा असेल.

अमेरिकेत केबल इंटरनेटचा मोडेम दुकानातून विकत घेता येतो. कंपनी बदलली तरी बहुतेक वेळा तोच चालतो. दोन्ही वस्तू केबलच्याच वायरीला लागतात. मग एक अडते आणि दुसरी चालते, असं का? उत्तर आहे मानक. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, याचा लेखी करार म्हणजे मानक. तो करार लिहिताना टेबलावर कोण बसलं होतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

हे मानक आलं कुठून?

1990च्या दशकात प्रत्येक उत्पादकाचा केबल मोडेम फक्त त्याच्याच यंत्रणेशी बोलायचा. एकदा एका उत्पादकाचा माल घेतला, की केबल कंपनी त्याच्याशी बांधली जायची. 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेने 1994 मध्ये मानकाचं काम हाती घेतलं, पण चर्चा लांबत गेली. कॉमकास्ट, कॉक्स, टीसीआय आणि टाइम वॉर्नर या केबल कंपन्यांना थांबायचं नव्हतं. त्यांनी 1996 मध्ये वेगळी चूल मांडली. मार्च 1997 मध्ये त्यांच्या 'डॉक्सिस' मानकाची पहिली आवृत्ती आली. मार्च 1999 मध्ये तोशिबा आणि थॉमसन यांच्या मोडेमना पहिली प्रमाणपत्रं मिळाली. आयईईईचा गट पुढे गुंडाळला गेला.

आज डॉक्सिसचं काम 'केबललॅब्स' पाहते. अमेरिकी केबल कंपन्यांनी 1988 मध्ये स्थापन केलेली ही ना-नफा संशोधन संस्था आहे. मुंबई-पुण्यात केबलवरून येणाऱ्या इंटरनेटसाठीही हेच मानक वापरलं गेलं.

उत्पादकाला यात शिरता येतं का?

येतं. केबललॅब्सचं सदस्यत्व फक्त केबल कंपन्यांना मिळतं. मोडेम, चिप किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी वेगळं दार आहे, आणि त्याला प्रवेश शुल्क नाही.

- पहिली पायरी : दोन करारांवर सही. एक गोपनीयतेचा, दुसरा पेटंटचा. तुमचं पेटंट वापरल्याशिवाय मानक पाळणं शक्य नसेल, तर ते करारातल्या इतरांना रॉयल्टी न घेता वापरू द्यायचं. बदल्यात त्यांचंही तुम्हाला तसंच मिळतं.
- दुसरी पायरी : कार्यगटात बसायचं. इथे अभियंते मसुद्याचा मजकूर ओळीओळीने ठरवतात. उत्पादक स्वतःचा प्रस्ताव लेखी मांडू शकतो.
- तिसरी पायरी : मानक प्रसिद्ध झाल्यावरही बदल सुचवता येतात. त्यासाठी बदलाची रीतसर विनंती करायची. चर्चेनंतर ती मान्य झाली, की पुढच्या आवृत्तीत येते.
- चौथी पायरी : चाचणी. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र जोडून पाहिली जातात. नंतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. या चाचणीला मात्र पैसे लागतात.

तयार झालेली मानकं कुणालाही मोफत वाचता येतात. मग एवढा खटाटोप कशाला? कारण तयार मानक वाचणाऱ्याच्या हातात ते येतं तेव्हा कार्यगटातला स्पर्धक कित्येक महिने पुढे गेलेला असतो. शिवाय स्वतःच्या यंत्रणेला न झेपणारी अट मसुद्यात असतानाच पकडता येते. छापल्यावर ती पाळावीच लागते.

फुकट आहे, तरी गर्दी का नाही?

प्रवेश फुकट असला, तरी माणूस फुकट नाही. केबललॅब्सचं मुख्यालय अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आहे. तिथे सकाळी दहाला बैठक सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. मोठ्या कंपन्यांकडे याच कामासाठी पगारी अभियंते असतात. दहा-बारा जणांच्या कंपनीत तोच अभियंता डिझाइनही करतो आणि ग्राहकाची तक्रारही सोडवतो. एकच पेटंट जवळ असलेल्या छोट्या कंपनीला रॉयल्टी सोडण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

शिवाय टेबल सगळ्यांसाठी सारखं नाही. अंतिम शब्द केबल कंपन्यांचा असतो. सध्याच्या डॉक्सिस 4.0 चं उदाहरण घ्या. डाउनलोडला सेकंदाला 10 गिगाबिट आणि अपलोडला 6 गिगाबिटपर्यंत वेग गाठण्यासाठी त्यात दोन पद्धती आहेत. एकात त्याच लहरींवर डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी जातो. दुसरीत वायरीवरची वापराची मर्यादा 1.8 गिगाहर्ट्झपर्यंत वाढवली जाते. केबल कंपन्यांची जाळी वेगवेगळी, म्हणून दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. त्या उपकरणात उतरवण्याचा भार चिप आणि मोडेम बनवणाऱ्यांवर आला.

आपल्याकडे दार कुठे आहे?

आपल्या केबल टीव्हीचा सिग्नल 'डीव्हीबी-सी' या युरोपीय मानकावर चालतो. म्हणजे वायरीतली भाषा बहुतेक ठिकाणी एकच आहे. अडतं ते कुलपाशी. पैसे भरलेल्यालाच चॅनल दिसावं म्हणून प्रत्येक मोठी केबल कंपनी स्वतःच्या पसंतीची कुलूप यंत्रणा वापरते. ती बॉक्समध्येच बसवलेली असते, म्हणून बॉक्स दुसरीकडे चालत नाही.

दूरसंचार नियामक 'ट्राय'ने एप्रिल 2020 मध्ये शिफारस केली, की देशातला प्रत्येक सेट-टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालण्याजोगा असावा. खर्च वाढेल, असं म्हणत केबल आणि डीटीएच कंपन्यांनी विरोध केला. ग्राहकाच्या घरात अजून फारसं काही बदललेलं नाही.

पण बोलायला जागा आहेत. ट्राय सल्लामसलत पत्र काढतं, त्यावर कुणीही लेखी मत देऊ शकतं आणि खुल्या चर्चेत भाग घेऊ शकतं. सेट-टॉप बॉक्सचं भारतीय मानक, आयएस 15245, भारतीय मानक ब्युरोकडे आहे. ब्युरोच्या समित्यांवर उत्पादक, सेवा देणारे, सरकारी खाती आणि ग्राहकांचे प्रतिनिधी बसतात. मसुदे हरकतींसाठी सर्वांपुढे ठेवले जातात.

कोलोरॅडोच्या बैठकीपेक्षा ही दारं जवळची आहेत. इथल्या बॉक्स आणि मोडेम बनवणाऱ्यांनी निदान तिथे तरी नियमाने हजेरी लावायला हवी. एकट्या कंपनीला जमत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून एक अभियंता पाठवावा. ब्युरो आणि ट्रायनेही छोट्या उत्पादकांना शोधून बोलवायला हवं. मसुदा संकेतस्थळावर टाकला, की आपलं काम संपलं, असं मानून चालणार नाही. कारण हजर असलेल्याच्या सोयीने मानक लिहिलं जातं. गैरहजर राहणाऱ्याचा माल पडून राहतो आणि ग्राहकाचा बॉक्स माळ्यावर जातो.