भुईखालच्या वारशाला धनी कोण?

मराठीत लेणे आणि गुहा हे दोन शब्द वेगळे आहेत. लेणे माणसाने कोरलेले, तर गुहा निसर्गाने घडविलेली. महाराष्ट्र हा लेण्यांचा प्रदेश. सह्याद्रीचा काळा पाषाण छिन्नीने कोरता येतो, पण पाण्यात सहजी विरघळत नाही. त्यामुळे चुनखडीच्या मुलखात आढळणाऱ्या लांबच लांब भुयारी गुहा आपल्याकडे नाहीत. त्या पाहण्यासाठी प्रांताबाहेर जावे लागते. नोकरीनिमित्त चेन्नईजवळच्या आवडीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र त्यासाठी फारशी वाट वाकडी करावी लागत नाही. आवडीवरून जाणारा लोहमार्ग रेणिगुंटा, कडप्पा, ताडिपत्री, गुंटकल असे टप्पे घेत सोलापूरकडे जातो. सुट्टीत गावी जाण्याचा हाच रस्ता. ताडिपत्रीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, आजच्या नंद्याल जिल्ह्यात, बेलमच्या गुहा आहेत.

बाहेरून पाहिले तर तेथे काहीच नाही. सपाट शेतजमीन आणि तीत विहिरीसारखे तीन खड्डे. मधल्या खड्ड्यातून पायऱ्या उतरल्या की भूगर्भातील पाण्याने लाखो वर्षांत घडविलेली दालने सुरू होतात. मोजणी झालेली लांबी ३,२२९ मीटर असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटर भाग पर्यटकांसाठी खुला आहे. प्रवेशद्वारापासून ४६ मीटर खोलीवर पाताळगंगा नावाचा झरा आहे. आत उकाडा आणि दमटपणा जाणवतो, म्हणून नळ्यांद्वारे बाहेरची हवा आत सोडावी लागते. सहकुटुंब एकदा तरी पाहावे असे हे ठिकाण आहे, यात शंका नाही. परंतु या लेखाचा विषय गुहेचे सौंदर्य हा नाही. तिच्या व्यवस्थेचा इतिहास हा आहे.

१८८४ साली भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ शतकभर तिची पद्धतशीर पाहणी झाली नाही. ती १९८२ ते १९८४ या काळात गेबाउअर यांच्या नेतृत्वाखालील जर्मन पथकाने केली. तोवर परिसरातील कचरा टाकण्यासाठी गुहेचा वापर होत होता. पुढे राज्य शासनाने तिला संरक्षण दिले, १९९९ साली पर्यटन विकास महामंडळाने काम हाती घेतले आणि २००२ साली ती लोकांसाठी खुली झाली. नोंदीपासून व्यवस्थेपर्यंत ११८ वर्षे लागली. असे का व्हावे?

गावकऱ्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे आहे. माझ्या मते खरे कारण आपल्या दप्तरात आहे. महसुली अभिलेख जमिनीचा पृष्ठभाग पाहतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पीक आणि धारक यांच्या नोंदी त्यात असतात. त्या जमिनीच्या पोटात काय आहे, याला रकाना नाही. जमीनमालकाचा हक्क सामान्यतः भूगर्भापर्यंत पोहोचतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधील एका प्रकरणात म्हटले. मग वर एकाचे शेत आणि खाली चार शेतांखालून जाणारी गुहा असेल, तर तिचा सांभाळ कोणी करायचा?

कायद्याचीही तीच स्थिती आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या अधिनियमात गुहेचा उल्लेख आहे, पण ती ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक महत्त्वाची असली पाहिजे. म्हणजे माणसाचा हात लागला तर संरक्षण, केवळ निसर्गाचा लागला तर नाही! गुहा अभयारण्यात असेल तर वनकायदा मदतीला येतो. शेताखालच्या गुहेला तोही आधार नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके जाहीर करतो. आपले लोणार त्यांतलेच. परंतु केवळ अशा घोषणेने कोणाला दंड करता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारशाच्या जतनाविषयी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, तोही खाण मंत्रालयाकडून. ज्याच्याकडे उत्खननाचे काम, त्याच्याकडेच राखणीचे काम!

हा प्रश्न पुस्तकी नाही. चुनखडीला सिमेंटसाठी मोठी मागणी आहे. आपल्या ओट्यावरचा कडप्पाही याच भागातील चुनखडीचा. दगड खाणीतून पुन्हा मिळेल, गुहा मिळणार नाही. मेघालयातील मॉमलूह गुहेतील चुनखडीच्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची नोंद सापडली आणि त्यावरून २०१८ साली पृथ्वीच्या कालगणनेतील एका कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. अशा गुहा म्हणजे पावसाचे अभिलेखागार होत. सहज हातात आला म्हणून मोडलेला तुकडा हे फाडलेले दप्तर आहे. शिवाय चुनखडीच्या भेगांतून पाणी फारसे न गाळता वाहते. विवरात टाकलेला कचरा आज ना उद्या कोणाच्या तरी विहिरीत उतरतो.

पर्यटनामुळेच गुहा बिघडतात, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. दिव्यांमुळे भिंतींवर शेवाळ धरते, माणसांच्या श्वासाने आतली हवा बदलते. तरीही बेलम खुली केली हे योग्यच झाले. कुलूपबंद आणि बेवारस गुहेचा उकिरडा होतो, हे तिच्याच इतिहासाने दाखविले आहे. मात्र तिकीट विकणारा आणि मर्यादा ठरविणारा एकच असू नये. विक्री वाढविणे हे महामंडळाचे कामच आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ज्ञात गुहांची सर्व्हे नंबरनिहाय नोंद महसुली अभिलेखात व्हावी, म्हणजे खाणपट्टा देताना ती अधिकाऱ्याच्या नजरेस पडेल. दुसरी, दररोज किती माणसे आत सोडायची हे भूवैज्ञानिकांनी ठरवावे आणि ते महामंडळावर बंधनकारक असावे. तिसरी, तिकिटाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा उर्वरित गुहेच्या पाहणीसाठी आणि शेजारच्या गावासाठी राखून ठेवावा. राखणीत गावाचा लाभ असेल तरच राखण टिकते.

या सुट्टीत बेलमला जरूर जा. मुलांना भिंतींना हात लावू देऊ नका, आणि वर आल्यावर तिकीट खिडकीवर एवढेच विचारा, की दिवसाकाठी किती माणसे आत सोडावीत याची काही मर्यादा ठरली आहे काय? नागरिकांनी वारंवार विचारलेल्या प्रश्नाची दखल प्रशासनाला कधी ना कधी घ्यावीच लागते.