निळी रेषा, लाल रेषा आणि मधला दवाखाना

चिपळूणच्या बाजारपेठेत २००५ चा पूर कुठवर आला होता, असे कोणालाही विचारले तर उत्तर शब्दांत येत नाही. हात भिंतीकडे जातो. २२ जुलै २०२१ नंतर तोच हात आणखी वर जातो. पुराची उंची मोजण्याची ही लोकांची पद्धत आहे, आणि ती फारशी चुकत नाही. सरकारची पद्धत वेगळी आहे. जलसंपदा विभाग नकाशावर दोन रेषा आखतो, एक निळी आणि एक लाल. या दोन रेषांवरून नदीकाठच्या लहान शहरांत जेवढी भांडणे झाली, तेवढी पाण्यावरूनही झाली नसतील.

चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या शहराचा मोठा भाग या रेषांच्या आत आला. घराची दुरुस्ती, वरचा मजला, जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत, सगळ्याच परवानग्यांवर प्रश्नचिन्ह लागले. लोक रस्त्यावर आले, उपोषणाला बसले. आधी नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा, अशी त्यांची मागणी होती. महाड, सांगली, कोल्हापूर इथेही थोड्याफार फरकाने हाच सूर ऐकू आला. बातम्यांत हा वाद बहुधा ‘विकास विरुद्ध नियम’ किंवा ‘बिल्डर विरुद्ध पर्यावरण’ असा मांडला जातो. त्यात तिसरी बाजू सहसा येत नाही, आणि ती आरोग्याची आहे. पूररेषा मालमत्तेचा भाव ठरवते हे खरे. पण रुग्ण, औषध, वीज आणि पिण्याचे पाणी पुराच्या दिवशी कुठे असतील, हेही तीच ठरवते.

आधी रेषा म्हणजे काय ते पाहू या, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ढोबळमानाने निळी रेषा ही २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा ही १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. हे शब्द ऐकणारा साहजिकच समजतो की, एकदा मोठा पूर येऊन गेला म्हणजे पुढची २५ वर्षे निर्धास्त. संख्याशास्त्राला हे मान्य नाही. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता, आणि दर पावसाळ्यात फासा नव्याने पडतो. नदीला मागच्या वर्षीचे काही आठवत नसते. २० वर्षांच्या गृहकर्जावर निळ्या रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटायच्या आत तो पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडी जास्तच. ३० वर्षांचा हिशेब केला तर ती ७० टक्क्यांवर जाते. लाल रेषेवरच्या घरालाही ३० वर्षांत सुमारे २६ टक्के धोका असतो. चिपळूणच्या २००५ आणि २०२१ या दोन मोठ्या पुरांत अंतर होते १६ वर्षांचे. त्यात कुठलाही चमत्कार नाही. शिवाय हे गणित पावसाचा स्वभाव बदलला नाही असे धरून केलेले आहे. २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यान महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, हे लक्षात घेतले तर तसे धरणे किती सुरक्षित, हा वेगळा प्रश्न.

मग लोकांचे म्हणणे चुकीचे आहे का? अजिबात नाही. वाशिष्ठीला भरती-ओहोटी आहे. समुद्राला मोठे उधाण असेल तर नदीचे पाणी खाडीत उतरायला तयार नसते. २०२१ च्या त्या दिवशी गुरुपौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती. त्यात कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीवरून याच नदीत येते. हे पाणी या खोऱ्याचे नाही, ते सह्याद्री ओलांडून बोगद्यांतून आणलेले आहे. ते कधी सोडले, किती सोडले, त्या रात्री काय झाले, याची उत्तरे शहराला समाधानकारक मिळालेली नाहीत, ही तक्रार बोलकी आहे. नदीपात्रात वर्षानुवर्षे साचलेला गाळ, बेटे, भराव हे सगळे डोळ्यांना दिसते. माणसाने केलेल्या गोष्टींनी पूर वाढवला असेल, तर त्याची शिक्षा घरमालकाने एकट्याने का भोगावी? या प्रश्नात तथ्य आहे. पुढे पात्रातला गाळ काढण्याचे काम सुरू झाले, आणि ते आंदोलनामुळे झाले हेही नोंदवायला हवे. रेषेला विरोध करणारे सगळे स्वार्थी, असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

पण गाळ काढल्याने रेषा पुसली जाईल हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. गाळ काढल्याने पात्राची वहनक्षमता वाढते, लहान आणि मध्यम पुरांत निश्चित फरक पडतो. मोठ्या पुरात मात्र पाणी पात्रात मावतच नाही. ते पूरमैदानावर पसरते, आणि पूरमैदान म्हणजेच बाजारपेठ. शिवाय गाळ परत येतो. डोंगर उघडे पडले, वर रस्त्यांसाठी कटाई झाली, की प्रत्येक पावसाळा थोडा थोडा गाळ खाली आणून टाकतो. वेळोवेळी नवे सर्वेक्षण करून रेषा दुरुस्त करावी ही मागणी रास्त आहे. रेषा रद्द करा ही नाही.

आता आरोग्याकडे येऊ. पुराचे आजार म्हटले की लोकांना कावीळ आणि जुलाब आठवतात. ते असतातच. पण पुराचा पहिला बळी बहुधा जंतूंमुळे जात नाही. जिथे वीज असायला हवी तिथे ती नसते, म्हणून तो जातो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये एका कोविड रुग्णालयाला पाण्याने वेढले, वीज गेली आणि त्या काळात तिथे रुग्ण दगावले. कोणता मृत्यू कशामुळे, यावर तेव्हा बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक साधा प्रश्न उरतो. प्राणवायूवर असलेले रुग्ण, जनरेटर आणि विजेचे पॅनेल पूरपातळीच्या खाली ठेवायला परवानगी कोणी व कशाच्या आधारावर दिली? हा प्रश्न वैद्यकीय नाही. तो नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाचा आहे.

लहान शहरांत दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, एक्स-रे आणि औषधांची दुकाने बाजारपेठेतच असतात, आणि बहुतेक तळमजल्यावर. रुग्णाला जिने चढायला लागू नयेत म्हणून ते योग्यही आहे. पण पुराच्या रात्री शहरातला जवळजवळ सगळा औषधसाठा एकाच वेळी पाण्याखाली जातो. इन्सुलिनचा फ्रिज, रक्तदाबाच्या गोळ्या, अपस्माराची औषधे, सर्पदंशावरची लस, डायलिसिसची यंत्रे, सगळेच. पुराच्या चौथ्या-पाचव्या दिवशी ज्याची साखर अनियंत्रित झाली, त्याचे नाव पूरबळींच्या यादीत येत नाही. ते यायला हवे.

नंतर येतो चिखल. पाणी ओसरल्यावर माणसे अनवाणी, नुसत्या हातांनी दुकान-घर साफ करायला लागतात. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू या चिखलात मिसळलेले असतात, आणि पायाच्या लहानशा भेगेतूनही ते शरीरात जातात. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो. म्हणजे मदतीची पथके परत गेल्यावर. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. ‘कामाचा थकवा’ म्हणून अंगावर काढले तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकते. मुंबईने २००५ च्या जलप्रलयानंतर लेप्टोची साथ अनुभवली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने धोका कमी होतो. पण गोळ्या वाटणारे आरोग्य केंद्रच चिखलात असेल, तर वाटणार कोण? आणि सहा महिन्यांनी, पावसाचा जोर वाढला की रात्रभर जागी राहणारी माणसे, सामान वर चढवून ठेवणाऱ्या बायका, यांच्याबद्दल तर कोणी विचारतच नाही.

या सगळ्याचा विचार रेषा आखताना किंवा नियम लिहिताना झाला आहे का? २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यात लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली वाचली तर उत्तर अर्धवट मिळते. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे नवे बांधकाम नाही. निळी ते लाल या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, उंच असेल तर बांधकाम करता येते. कागदावर हे ठीक वाटते. पण सखल भागात लाल रेषेची पातळी जमिनीपासून पुरुषभर उंच असते. तिथे मालक दोनच गोष्टी करतो: खांबांवर इमारत उभी करतो, किंवा भराव टाकतो. भराव स्वस्त पडतो. एकाच्या भरावाचे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि शेजारी सहसा जुन्या, बैठ्या, कौलारू घरात राहणारा असतो. म्हणजे नियम पाळूनही गरिबाच्या दारातला पूर वाढू शकतो.

आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणावी तर. निळ्या रेषेच्या आतल्या निषिद्ध पट्ट्यात जे चालते, त्या यादीत बाग, मैदान, वाहनतळ यांच्याबरोबर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आणि सार्वजनिक शौचालयेही आहेत. अभियंत्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. सांडपाणी उताराने खालीच येते. पण ज्या जागी दर वर्षी पूर येण्याची शक्यता किमान ४ टक्के आहे, तिथे शहराचा मैला एकत्र गोळा करून ठेवायचा आणि पुराने तो परत शहरभर फिरवायचा, याला सार्वजनिक आरोग्याचे नियोजन म्हणत नाहीत. माणसाला राहायला बंदी आणि मैल्याला मुभा, असा हा हिशेब. असा प्रकल्प तिथे करायचाच असेल तर त्याच्या टाक्यांचे काठ, पंप आणि विजेचे पॅनेल लाल रेषेच्या वर असलेच पाहिजेत, अशी अट नगरपरिषदेने स्वतःहून घालायला काय हरकत आहे?

मुळात क्षेत्रनिर्णयाकडे ‘बांधू द्यायचे की नाही’ एवढ्याच नजरेने पाहणे सोडायला हवे. तळमजल्यावर काय असावे, हा खरा प्रश्न आहे. लाल रेषेच्या आत कापडाचे दुकान बुडाले तर नुकसान होते. अतिदक्षता विभाग बुडाला तर माणसे मरतात. दोघांना एकच नियम लावणे अन्यायाचे आहे, दुकानदारावरही आणि रुग्णावरही. खाटा असलेली रुग्णालये, रक्तसाठा, डायलिसिस, वृद्धाश्रम, पाणीपुरवठ्याचे पंप, वीज उपकेंद्र यांना लाल रेषेच्या बाहेर जागा आराखड्यातच राखून ठेवायला हवी. जी रुग्णालये आधीपासून आत आहेत, त्यांना नोटीस धाडून मोकळे होण्याऐवजी जनरेटर, ऑक्सिजन आणि रुग्णांच्या खाटा वरच्या मजल्यावर नेण्यासाठी मुदत आणि पैसा द्यावा. आणि ज्यांची जमीन निषिद्ध पट्ट्यात अडकली आहे, त्यांना त्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा हक्क, म्हणजे टीडीआर, खरोखर विकला जाईल अशा रीतीने द्यावा. लहान शहरात टीडीआरला गिऱ्हाईकच नसते, ही तिथल्या लोकांची तक्रार खोटी नाही. तिथे सरकारने रोख मोबदल्याचा विचार करायला हवा. नुसते ‘जनहित’ म्हणून माणसाची आयुष्यभराची पुंजी गोठवता येत नाही.

राज्याच्या नगररचना कायद्याने नागरिकांना हरकती-सूचनांचा हक्क दिला आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, महिनाभराची मुदत मिळते, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. व्यवहारात नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली जाते, नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागतो, आणि त्यातल्या सर्व्हे नंबरांच्या जंगलात स्वतःचे घर शोधता शोधता महिना संपतो. त्यात मुदत संपूनही निवडणुका न झाल्याने राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. ज्याला जाब विचारायचा तो नगरसेवकच नव्हता. आता पुन्हा निवडून आलेली सभागृहे आहेत. त्यांना पहिल्या पावसाळ्याआधी एक काम सहज करता येईल, आणि त्याला फार खर्चही नाही. दोन्ही रेषांची पातळी नकाशावर न ठेवता प्रत्येक गल्लीतल्या विजेच्या खांबावर निळ्या आणि लाल रंगाने रंगवावी, शेजारी २००५ आणि २०२१ च्या पाण्याची खूण करावी, आणि मग हरकती मागवाव्यात. रेषा चुकली असेल तर ते त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना तिथेच कळेल. बरोबर असेल तर तेही कळेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही त्या सुनावणीला बोलवावे. आजवर त्या खोलीत अभियंता असतो, नगररचनाकार असतो, वकील असतो. पुराच्या तिसऱ्या आठवड्यात तापाचे रुग्ण तपासणारा मात्र तिथे नसतो.