जिंकलो की ‘आपण’, हरलो की ‘ते’

जबलपूरला पहिल्यांदा येणाऱ्याला कमानिया गेट एखाद्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा वाटतो. तसा तो नाही. १९३९ साली शहराजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची आठवण म्हणून तो उभारला गेला. त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांना १५८० मते पडली, पट्टाभी सीतारामय्या यांना १३७७. गांधीजी स्वतः उमेदवार नव्हते. तरीही निकालानंतर त्यांनी जाहीर केले की हा पराभव पट्टाभींपेक्षा माझाच अधिक आहे. राजकारणात त्या वाक्याचे काय काय अर्थ निघाले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. स्वतः न खेळता हार आपल्या नावावर लिहून घ्यायची, हे काम जगात रोज कोट्यवधी माणसे करतात. त्यांना आपण चाहते म्हणतो.

२९ जून २०२४ च्या रात्री भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा मी या गेटखाली होतो. बडा फुहाऱ्याकडून माणसे येत होती, सराफ्याकडून येत होती, फटाक्यांच्या धुरात समोरचा दिसत नव्हता. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘हम जीत गए’. त्यातल्या एकानेही बॅट हातात धरली नव्हती. एका अनोळखी माणसाने मला घट्ट मिठी मारली. त्याने माझे आडनाव विचारले नाही.

हा ‘आपण’ कुठून येतो यावर अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढायची. फोन करून विचारले तर जिंकलेल्या सामन्याबद्दल मुले ‘आम्ही’ म्हणायची आणि हरलेल्या सामन्याबद्दल ‘ते’. दुसऱ्याच्या उजेडात उभे राहून स्वतः उजळणे, असा त्याचा निष्कर्ष. तो बरोबर आहे, पण आपल्या घरांपुरता अपुरा आहे. ज्यांच्याकडे मिरवायला दुसरेही पुष्कळ आहे त्यांचा उजेड वेगळा, आणि ज्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते त्यांचा वेगळा.

माझे वडील विदर्भातून इथल्या एका संरक्षण कारखान्यात कामगार म्हणून आले. जमीन नव्हती, घराण्याचे नाव नव्हते, कुणाला चिठ्ठी द्यावी अशी ओळख नव्हती. होता तो एक रेडिओ. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी क्वार्टरच्या ओट्यावर किती माणसे जमली होती हे ते इतक्यांदा सांगत की मी तिथे नव्हतो हे मला पटत नसे. विजयी गोल अशोक कुमार यांचा, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाचा. आणि अशोक कुमारांचे काका रूपसिंग, ज्यांनी १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने दहा गोल केले, ते जन्मले जबलपुरात. म्हणून वडिलांच्या लेखी तो गोल आमच्याच गल्लीतला. पहिल्या पिढीच्या पदवीधराला बापाकडून वारशात काय मिळते? आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो मिळाला, शिकण्याचा हट्ट मिळाला आणि एक संघ मिळाला. हा तिसरा वारसा कुणी हिणकस मानू नये. नव्या कॉलेजात, नव्या ऑफिसात, जिथे बाकीच्यांना एकमेकांचे मामा-काका माहीत असतात, तिथे ‘काल मॅच पाहिली का?’ या प्रश्नावर आपल्यालाही बोलता येते. तुमच्यातल्या अनेकांनी हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात हाच दरवाजा वापरला असेल.

मात्र त्या दरवाजातून आत किती खोलवर जाता येते, हा प्रश्न राहतोच. नोकरीच्या सुरुवातीला मी याच भागात भाड्याची खोली शोधत होतो. एका घरमालकाबरोबर पाऊण तास एका जुन्या सामन्याबद्दल रंगून बोलणे झाले, चहा झाला, भाडेही ठरले. मग आडनाव विचारले गेले आणि खोली अचानक ‘भाच्यासाठी ठेवली आहे’ असे निघाले.

बाळू पालवणकरांना हे शंभर वर्षांपूर्वी रोज अनुभवायला मिळत होते. १८७६ साली धारवाडला चांभार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात आधी पारशांच्या आणि मग युरोपियनांच्या क्लबात मैदानाची कामे करायचा आणि साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायचा. फलंदाजीला मात्र त्याला कुणी बोलावले नाही. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्याला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र तो बाहेर उभा, त्याचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता.

पुढे मुंबईत तो ज्या संघाकडून खेळला त्याचे नावच ‘हिंदू’ होते. ज्या धर्माची देवळे त्याला बंद, त्याच धर्माच्या नावाने तो बळी घेत होता. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. गर्दी त्यांच्यावर जीव टाकत होती आणि ते प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण कर्णधारपद? ते कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. तेव्हा कुठे चर्चा झाली, लोकांनी जाब विचारला, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू जिंकले आणि सवर्णांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच आहे. ग्रंथालयात मिळाले तर जरूर वाचा. आपल्याकडे खेळाडूंची चरित्रे ढिगाने निघतात, त्यात हे नाव फारसे निघत नाही.

खांदा मिळाला तो जिंकल्यावर. हरल्यावर काय मिळते ते २०२१ मध्ये दिसले. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात संघ अर्जेंटिनाकडून हरला. त्याच दिवशी हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले आणि जातिवाचक शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे ते म्हणाल्याची तक्रार कुटुंबीयांनी पोलिसांत केली. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. त्याच मे महिन्यात तिचे वडील वारले होते आणि सराव शिबिरात असल्यामुळे तिला अंत्यसंस्काराला जाता आले नव्हते. ६ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाचा सामना झाला. वंदना खेळली आणि तिने गोल केला.

चाल्डिनीची मुले हरल्यावर ‘ते’ म्हणायची, पण त्यांचे ‘ते’ म्हणजे अख्खा संघ. आपल्याकडे हरल्यावर संघाचे तुकडे होतात आणि त्यातले एकच आडनाव वेगळे काढून ‘ते’ ठरवले जाते. आणि गंमत पाहा, संघात, निवड समितीत, अकादम्यांत आपली मुले किती, असे आपण विचारले की लगेच उत्तर येते, ‘खेळात जात आणू नका.’ रोशनाबादच्या फटाक्यांत जात कुणी आणली होती?

चळवळीतले काही मित्र म्हणतात, क्रिकेट ही अफू आहे, सोडून द्या. मला हे पटत नाही. देऊळ दिले नाही म्हणून पाण्याचा हक्क कुणी सोडला नाही. संघ हाही सार्वजनिक पाणवठाच आहे, आमच्या बापाच्या रेडिओने त्यात भर घातली आहे. शिवाय चाहत्यांची गर्दी म्हणजे फक्त फटाके फोडणारे नव्हेत. जुलै २०२१ मध्येच युरो फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंचे पेनल्टी फटके वाया गेले. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागातले मार्कस रॅशफर्डचे भित्तिचित्र रातोरात विद्रूप केले गेले. दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या लोकांनी, शाळकरी पोरांनी चिठ्ठ्या, हृदये आणि झेंडे चिकटवून ती भिंत झाकून टाकली. तेही चाहतेच होते आणि त्यांचाही संघ हरलाच होता. वंदनासाठी अशा किती भिंती रंगल्या, हे आपण आपल्याच गावाला विचारावे. हरलेल्या दिवशी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोट्यातला’ असा विनोद येतो तेव्हा तिथल्या तिथे उत्तर देणे, हेही चाहत्याचेच काम. दरवेळी ते आपणच का करायचे, हा प्रश्न योग्य आहे. तोही ग्रुपवरच विचारावा.

बाळूंच्या गोष्टीचा शेवट मात्र सहसा सांगितला जात नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंचे फार कौतुक होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, पण बाळू दुसऱ्या गटाकडून होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले ते याच लाडक्या बाळूंना. हिशोब उघड होता. ज्याच्यासाठी माणसे मैदानावर गळा फाडून ओरडली, त्याला ती मतही देतील. पुष्कळांनी दिलेही, फरक दोन हजार मतांच्या आसपास होता. पण निवडून आले बाबासाहेब. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्यांत बाळूंची गोलंदाजी पाहून टाळ्या वाजवलेले हातही असणारच. टाळी बाळूंना आणि मत बाबासाहेबांना, असे ज्यांनी केले त्यांना यात काही विसंगत वाटले नसावे.