वेडी कधी, शहाणी कधी?



तुरुंगातल्या बायकांशी बोलायला मी जाते. तिथे भेटलेली एकजण दोन लेकरांना घेऊन विहिरीत उतरली होती. लोकांनी तिला वर काढलं, लेकरं गेली. खटला खुनाचा. "ताई, मला तेव्हा काही सुधरतच नव्हतं," एवढंच ती सांगते. कायद्याला एवढं पुरत नाही.

दंड संहितेचं ८४ वं कलम १८६० चं, इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यावरून बेतलेलं. आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदा आहे, हे मनोविकलतेमुळे कळतच नव्हतं, असं आरोपीनं दाखवायचं. २०२४ मध्ये न्याय संहिता लागू झाली, कलमाचा क्रमांक २२ झाला. कसोटी तीच राहिली.

इंग्लंड मात्र तिथे थांबलं नाही. बाळंतपणातून न सावरलेल्या आईच्या हातून वर्षाच्या आतलं मूल गेलं, तर तो खून धरायचा नाही, असं १९३८ चा कायदा सांगतो. १९५७ मध्ये 'कमी झालेली जबाबदारी' हा बचाव आला. आपल्याकडे मधली पायरीच नाही. बाई पूर्ण वेडी, नाही तर पूर्ण शहाणी.

पण त्या पायरीचीही किंमत असते. किरणजीत अहलुवालियानं १९८९ मध्ये छळणाऱ्या नवऱ्याला पेटवलं. १९९२ मध्ये ती सुटली, साऊथॉल ब्लॅक सिस्टर्सनी त्यासाठी रान उठवलं होतं. न्यायालयानं मात्र मानलं ते तिचं नैराश्य. मारहाणीनं चिथावलं गेल्याचा मुद्दा टिकला नाही. सुटका झाली याचा आनंद आहेच, तरी ही सल माझी जात नाही. शिवाय हाच दरवाजा बायकोला मारणाऱ्यालाही उघडतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा दाह्याभाई ठक्कर निकाल अशाच नवऱ्याचा. वेडाचा दावा तिथे फेटाळला गेला. म्हणून इंग्लंडचा कायदा उचलून इथे आणा, असं मी डोळे मिटून म्हणणार नाही.

गंमत पहा, घटस्फोट हवा असला की हीच मनोविकलता नवऱ्याला चटकन सापडते. नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये बजावलं, तरी अर्जात 'डोक्यावर परिणाम' लिहिलेला असतोच.

विहिरीतून वर काढलेल्या बाईच्या वकिलांनी विचारलं, आधीचे केसपेपर आहेत का? नाहीत. बाळंतपणानंतर ती झोपत नव्हती, जेवत नव्हती, तेव्हा घरच्यांनी तिला देवऋष्याकडे नेलं. शेजारणीनं ते पाहिलंय. साक्ष द्यायला ती अजून कचरते. तिच्याशी बोलायला पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाणार आहोत. तुमच्या भागात अशा केसेस असतील, तर कळवा.