कागदावरची मोटार, रस्त्यावरची मोटार

बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली आगगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळी वैजनाथला रूळ निजामाच्या अमदानीतच पोचले होते; परंतु जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याने १९४८ सालची पोलीस कारवाई पाहिली, १९५६ सालचे द्वैभाषिक पाहिले, १९६० साली महाराष्ट्र आलेला पाहिला, आणि या साऱ्या काळात बालाघाटाच्या डोंगररांगा ओलांडण्यास त्याला रस्त्यावाचून दुसरा आधार नव्हता. ज्या मुलखात रूळ नसतात तेथे मोटारीला घरातल्या माणसाची जागा मिळते. मांजरसुंब्याचा अन् धारूरचा घाट जिने रात्री-अपरात्री चढून दिला, बाळंतिणीला जिने अंबाजोगाईच्या रुग्णालयात वेळेवर पोचवले, लग्नाचे वऱ्हाड आणि कापसाची बोंद्री जिने एकाच आठवड्यात वाहिली, ती जीप मोडीत घालण्यास धन्याचा हात धजत नाही, यात नवल ते काय? जुन्या मोटारींचा नाद म्हणजे मुंबई-पुण्याच्या धनिकांचा पोरखेळ, असे हिणवणाऱ्यांशी म्हणूनच आमचा मतभेद आहे.

या गाड्यांना इतिहासही आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. पुढे त्याच जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंटरनॅशनलचे डिझेल इंजिन आले. त्यामुळे ज्या गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री होता त्या गावात जीपचाही वैद्य आपोआप निर्माण झाला. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि तिचीच पुढे पद्मिनी झालेली गाडी बाहेर पडली. ती प्रीमियर कंपनी १९४४ साली स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद हे बीडवरून दक्षिणेस जाणाऱ्या हमरस्त्यावरील सोलापूरचे. मोटारींच्या विक्रीवर १९५९ सालच्या हुकुमान्वये सरकारी नियंत्रण होते आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वापरलेली गाडी नवीपेक्षा चढ्या भावाने विकली जाण्याचा चमत्कार त्या काळाने पाहिला आहे. ती फियाट आजोबांनी कशी मिळवली, ही कथा कित्येक मध्यमवर्गीय घरांत गाडी गेल्यावरही उरली आहे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली तेव्हा हळहळलेले लोक केवळ पत्र्यासाठी हळहळले नव्हते.

पण जिथे हळहळ आहे तिथे दलाल पोचणारच! काल जी गाडी भंगाराच्या भावाने मागितली जात होती तिला आज 'व्हिंटेज' म्हणून तिप्पट किंमत सांगितली जाते, आणि तिच्याबरोबर जे कागद येतात ते तिचेच असतील याची शाश्वती कोणी देत नाही. लष्कराच्या लिलावातील जीपचे कागद एकीकडे, नवा ठोकून काढलेला सांगाडा दुसरीकडे, इंजिन तिसऱ्याच गाडीचे, अशी त्रिस्थळी यात्रा करून आलेली 'अस्सल विलिस' घेणाऱ्याने चॅसीवरचा क्रमांक स्वतः वाकून वाचला पाहिजे. त्या क्रमांकाभोवती ताज्या वेल्डिंगची खूण किंवा कानशीचा ओरखडा दिसला, तर सौदा तेथेच थांबवावा. विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा तो ओरखडा अधिक खरे बोलतो.

याहून मोठा अनर्थ मात्र अस्सल गाडीच्या व्यवहारात घडतो, आणि तो घडवणारे बहुधा सज्जनच असतात. पाहुण्याने पाहुण्याला जीप दिली, शंभराच्या कागदावर सह्या झाल्या, चहा झाला. नाव तेवढे राहिले. वर्षभराने ती तिसऱ्याकडे गेली, मग चौथ्याकडे. कायदा सांगतो की विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे. तसे न केल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. अनेक हात बदललेल्या गाडीने अपघात केला, तरी दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि नुकसानभरपाईचा भार त्याच्यावरच. ज्याने दहा वर्षांत त्या गाडीचे चाकही पाहिले नाही, त्या निवृत्त शिक्षकाच्या घरी एके दिवशी न्यायाधिकरणाची नोटीस यावी आणि आयुष्याची शिल्लक तिच्यात जावी, हा धोका कल्पनेतला नव्हे. 'विश्वासाचा व्यवहार' हा शब्द बीडमध्ये मोलाचा आहे, पण न्यायासनापुढे त्या शब्दाने भागत नाही.

दलालांच्या हाती आणखी एक शस्त्र आहे, ते अफवेचे. दिल्ली आणि तिच्या परिसरापुरता १० व १५ वर्षांचा निर्बंध न्यायालयांनी घातला. तो जणू साऱ्या देशाला लागू आहे असे सांगून येथल्या भोळ्या मालकाकडून उत्तम गाडी मातीमोलाने काढून घेतली जाते. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर खाजगी मोटारीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करता येते, हे प्रत्येक मालकाने ध्यानी ठेवावे.

आता गाड्यांच्या 'रूपांतरा'विषयी. मोडलेला दरवाजा तसाच घडवून बसवणे, गेलेल्या इंजिनच्या जागी त्याच जातीचे इंजिन रीतसर नोंद करून घालणे, हा जीर्णोद्धार होय, आणि तो करणाऱ्या कारागिरांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ट्रॅक्टरला शोभतील अशी चाके, पुढे लोखंडी नळ्यांचा तट, काचांना काळी फिल्म, आणि म्हशी बुजाव्यात असा भोंगा, याला जीर्णोद्धार कोण म्हणेल? ही पुढारीपणाची उमेदवारी झाली. जीपचे मूळचे ड्रम ब्रेक मूळच्या चाकांच्या हिशेबाने केलेले असतात. चाक मोठे व जड झाले, गाडी उंचावली, की घाटाच्या उतारावर ते ब्रेक अपुरे पडतात आणि वळणावर गाडी कलंडते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांनी मूळ रचनेत मनमानी बदलास मनाई केली आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कायदा पुरेसा कडक आहे. तो कोणाच्या गाडीला लावायचा आणि कोणाची गाडी पाहून मान वळवायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बीडकरांना आम्ही सांगावयास नको.

सरकारही निर्दोष नाही. पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपातील गाडीला केंद्राने जुलै २०२१ मध्ये 'व्हीए' अक्षरांचा निराळा क्रमांक देऊ केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. ठीक. पण १९७४ साली पद्मिनी हे नाव घेतलेल्या गाड्यांपैकी अगदी पहिल्या तेवढ्या आता या उंबरठ्यावर पोचल्या आहेत. बाकीच्यांचे काय? मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीस ते १०,००० रुपये करण्यात आले; शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा. वर्षातून चार वेळा, पोळ्याला आणि दसऱ्याला बाहेर निघणाऱ्या गाडीने रोज धूर ओकणाऱ्या गाडीइतकाच दंड का भरावा? जर्मनीत तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली मोटार ऐतिहासिक ठरते व तिला 'एच' अक्षराची पाटी मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीस रस्ताकर माफ होतो. आपल्याकडे तीस वर्षांची मर्यादा ठरवून, मर्यादित वापराच्या अटीवर आणि कसून तपासणी करून अशी वेगळी नोंद देता येणार नाही काय?

दिल्लीला हे सुचेपर्यंत जिल्ह्यातल्या जिल्ह्यात करण्याजोगे एक काम आहे. आजोबांच्या नावे राहिलेल्या गाड्या वारसांच्या नावे करण्यासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज आहे. पण आष्टीच्या किंवा पाटोद्याच्या माणसाला त्यासाठी मृत्यूचा दाखला, विमा आणि संमतिपत्रे घेऊन बीडला खेटे घालावे लागतात, आणि दुसऱ्या खेपेनंतर तो एजंटाच्या स्वाधीन होतो. बीड व अंबाजोगाई येथील परिवहन कार्यालयांनी प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस केवळ नावांतराचे शिबिर ठेवावे, त्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी तहसील कचेरीच्या फलकावर मराठीत लावावी, आणि त्या दिवशी चॅसीचा क्रमांक गाडीपाशी जाऊन निरीक्षकाने स्वतः वाचावा.