शेगडीला हवा हवी, साहेब

प्रति,
मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : हॉटेलांच्या भटारखान्यांतली हवा तपासायची कोणी?

महोदय,

ठाण्याचा प्रश्न ठाण्याच्याच मंत्र्यांना समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण खालच्या टेबलांवर दिलेल्या अर्जांवर पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही, म्हणून थेट आपल्याला लिहितो.

आग प्रतिबंधाचा आपला कायदा २००६ चा. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' द्यावा लागतो. आग विझवायच्या लाल बाटल्या भरलेल्या आहेत ना, झालं. त्याच जुलैत पाऊस आत येतो म्हणून मागच्या खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं असतं, शटर निम्मं खाली ओढलेलं असतं आणि आत चार भट्ट्या भडकलेल्या असतात. हवा मोजायचं यंत्र घेऊन आत शिरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग हिशेब मीच मांडतो. राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरचा दहा बाय बाराचा गाळा, उंची १० फूट. आत हवा सुमारे ३४ घनमीटर. १९ किलोचा एक सिलिंडर पुरता जळायला लागते सुमारे २५० घनमीटर, म्हणजे गाळ्यातली सगळी हवा सात वेळा बदलायला हवी. त्यातून निघतो जवळपास ५७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि तीसेक लिटर पाण्याची वाफ. हे सारं गॅस नीट जळला तर. हवा कमी पडली की ज्योत पिवळी पडते, कढयांची बुडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसला निदान मुद्दाम घातलेला वास असतो, याला तोही नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. वस्तादाचं डोकं ठणकतं, मळमळतं. मालक म्हणतो, उकाडा आहे, लिंबूपाणी घे.

एक्झॉस्ट आहे की, असं आपले अधिकारी म्हणतील. आहे. पण बाहेरची हवा आत यायला वाटच नसेल, तर पंखा ओढणार काय? शेजारच्या संडासाची हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. शिवाय त्याचं तोंड पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे असतं. रहिवासी तक्रार करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मालक काय करतो? रात्री पंखाच बंद ठेवतो. तक्रार निकाली! धूर कुठे गेला, हे भटारखान्यातल्या पोराला विचारा.

गळतीचं तर विचारूच नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत साचतो. पंखा मात्र छताशी. एक किलो गॅस सुमारे २४ घनमीटर हवा पेट घेण्याजोगी करू शकतो. १०० किलोपर्यंतच्या साठ्याला स्फोटक खात्याचा परवाना लागत नाही, म्हणून पाच सिलिंडर ठेवायचे : ९५ किलो. कायदा पाळला!

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात गॅस गळून आग लागली. जेवायला आलेले आठ जण गेले. मुंबई महापालिकेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरून प्रत्येक कुटुंबाला ५० लाख द्या, असं उच्च न्यायालयाला जून २०२५ मध्ये सांगावं लागलं. एकूण चार कोटी, तेही जवळपास दहा वर्षांनी. एवढ्या पैशांत किती भटारखान्यांना जमिनीलगत जाळ्या बसल्या असत्या?

आणि आत राबणारा कामगार? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने 'कारखान्या'च्या व्याख्येतून हॉटेल आणि उपाहारगृह वगळलं. २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही ते वगळलेलंच राहिलं. कारखाना निरीक्षक त्याच्याकडे फिरकत नाही. अन्नपरवान्याच्या नियमांत वायुवीजन आहे, पण ते अन्न दूषित होऊ नये म्हणून. अन्नाची काळजी घेतलीत, आभारी आहोत. ते शिजवणाऱ्याची कधी घेणार?

मागण्या फार नाहीत. जमिनीलगत जाळी, शेगडीवर हूड, जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायला वाट, पंखा बंद पडला की गॅस आपोआप तोडणारी झडप आणि कार्बन मोनॉक्साइडचा मापक. यांपैकी एक जरी नसेल तरी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी ना हरकत द्यायची नाही, असा लेखी आदेश काढा. डक्ट कुठे सोडायची, हेही त्यातच ठरवून द्या, म्हणजे वरचे रहिवासी आणि खालचे कामगार एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत. तपासणी सकाळी अकराला रिकाम्या भटारखान्यात नको. दुपारी एकला, ऐन गर्दीत, सगळ्या भट्ट्या पेटलेल्या असताना करा.

आदेश निघाला नाही, तर उद्या कुठल्याही पंचनाम्यात 'अपघात' हा शब्द लिहू देऊ नका. आपल्याला कळवलेलं आहे.

आपला,
ठाण्यापासून कल्याणपर्यंत हॉटेलांच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक कारागीर